कोंढाणा उंदीर : ओळख, वर्गीकरण आणि बागायतदारांसाठी बोध

उंदीर म्हणजे पिकाचा शत्रू, ही कोकणातील भात व नारळ उत्पादकांची धारणा अनुभवातून आलेली आहे. परंतु उंदीर ही एकच जात नव्हे. बांधात बीळ करणारा उंदीर वेगळा, माडावर राहणारा वेगळा आणि रानात राहणारे उंदीर त्याहून वेगळे. हा फरक न करता उपाय योजल्यास खर्च वाया जातो आणि निरुपद्रवी प्राणीही मरतात. या दृष्टीने आपल्याच राज्यातील एका अपरिचित उंदराची माहिती करून घेणे उपयुक्त ठरेल.

कृंतक म्हणजे काय?

उंदीर, घूस, खार आणि साळींदर हे सर्व कृंतक, म्हणजे कुरतडणारे प्राणी होत. त्यांच्या वरच्या व खालच्या जबड्यात पुढील दातांची एकेक जोडी असते. हे दात जन्मभर वाढतात, म्हणून ते सतत झिजवावे लागतात. सुळे नसल्याने पुढील दात व दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा राहते. उंदराला एकूण १६ दात असतात. चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती कृंतक नाही. तिचे नाक लांबट असते व ती मुख्यतः कीटक खाते.

कोंढाणा उंदराची ओळख

पुणे येथील विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) मिश्रा व धांडा या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये सिंहगडावरील या उंदराचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन केले. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, त्यावरून या जातीला नाव मिळाले.

वर्गीकरण पुढीलप्रमाणे आहे :

वर्ग : सस्तन
गण : कृंतक
कुल : म्युरिडी
प्रजाती : मिलार्डिया
जाती : कोंडाना

मिलार्डिया हे नाव मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून दिलेले आहे. या प्रजातीतील उंदरांचे केस मऊ असतात. कोंढाणा उंदराचा जवळचा भाऊबंद म्हणजे मिलार्डिया मेल्टाडा. तो देशावरील शेतांत पिकांचे नुकसान करतो. कोंढाणा उंदीर आकाराने त्याच्याहून मोठा असून घाटमाथ्यावरील गवत व झुडपांच्या भागात बीळ करून राहतो. तो निशाचर आहे. एकाच प्रजातीतील दोन जाती, पण एक शेतातील कीड आणि दुसरी दुर्मिळ!

या उंदराचे ज्ञात क्षेत्र अत्यंत लहान आहे. अतिचराई, झुडपांचा नाश आणि पर्यटकांची वर्दळ यांमुळे त्याच्या अधिवासाला धोका पोहोचतो. आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झालेली आहे.

रत्नागिरीतील शेतकऱ्यांसाठी

भातखाचराच्या बांधात बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसल्यास तो बहुधा लहान घुशीचा (काळ्या उंदराचा) असतो. ती लोंब्या तोडून बिळात साठविते. माडावरील कोवळी फळे देठाजवळ पोखरणारा उंदीर मात्र शेंड्यात घरटे करतो. त्यामुळे बांधावरील बिळांत आमिष ठेवून नारळ वाचत नाहीत. नियंत्रणासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी उकरलेली बिळेच जिवंत समजावीत.

२) शिफारशीनुसार तयार केलेले विषारी आमिष फक्त जिवंत बिळांत आतवर ठेवावे. सड्यावर, रानात किंवा उघड्यावर टाकू नये.

३) माडाच्या खोडाला जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सें.मी. रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. शेजारच्या झाडांच्या झावळ्या एकमेकींना लागत असतील तर मात्र उपयोग होत नाही.

४) घुबड व धामण यांना मारू नये. ते उंदीर खातात.

५) मेलेले उंदीर उघड्या हाताने उचलू नयेत. ते खोल पुरावेत.

६) सड्यावरील गवताला विनाकारण आग लावू नये. वणव्यात गवतात राहणारे लहान प्राणी व पक्ष्यांची घरटीही जळतात.

पुण्यासारख्या शहराजवळच्या, रोज माणसांची ये-जा असलेल्या गडावरील उंदीर १९७५ पर्यंत शास्त्राला अज्ञात होता. तेव्हा आपल्या सड्यावर वा कातळाच्या कपारीत अनोळखी उंदीर दिसल्यास त्याला लगेच मारू नये. त्याचा रंग, शेपटीची लांबी, बिळाची जागा व वेळ लिहून ठेवावी आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाला कळवावे. पिकाचे नुकसान करणाऱ्या उंदराचा बंदोबस्त अवश्य करावा, मात्र तो नेमका कोण हे ओळखूनच.