फेरीवाला व कायदा

पहाटेच्या अंधारात घाऊक मंडईतून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन एखादी बाई निघते व रस्त्याच्या कडेला येऊन बसते. पाटीतील माल बहुधा उधारीवर आणलेला असतो. दिवस मावळण्यापूर्वी तो विकला गेला, तर उधारी फिटते आणि घरी चूल पेटते. अशा वेळी कोणी ती पाटीच उचलून नेली, तर तिची एका दिवसाची मिळकत तर बुडतेच. शिवाय दुसऱ्या दिवसाचे भांडवलही नाहीसे होते.

परंतु रस्ता हा सर्वांचा आहे, हेही तितकेच खरे. पदपथ अडला म्हणजे वृद्धांना व बालकांना वाहनांच्या गर्दीतून चालावे लागते. मग पोट मोठे की वाट?

हा प्रश्न न्यायालयापुढे आला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात सांगितले. पदपथावर व्यापार करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग होय. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असा निर्णय त्याच न्यायालयाने १९८९ साली दिल्लीतील एका खटल्यात दिला.

पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही हटवू नये, असे तो सांगतो. त्याने प्रत्येक शहरासाठी समिती नेमण्यास सांगितले. तीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत व त्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. पुढे विक्रेत्यास हटवावयाचे झाल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. माल जप्त केल्यास त्याची यादी करून प्रत विक्रेत्यास द्यावी लागते. ठरलेले शुल्क भरून मागणी केल्यावर टिकाऊ माल कामकाजाच्या दोन दिवसांत, आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. भाजी सायंकाळपर्यंतच टिकते, हे कायद्याने ओळखले.

विक्रेत्यांवरही कर्तव्ये आहेत. जागा स्वच्छ ठेवावी आणि विक्रीस बंदी असलेल्या ठिकाणी बसू नये.

तथापि कायद्याचे कलम आपण होऊन कोणाच्या साहाय्यास धावत नाही. ज्याला यादीची प्रत मागण्याचा आपला हक्क ठाऊक नाही, त्याची पाटी रिकामीच राहते. म्हणून फेरीवाल्याला हक्काचे ज्ञान हवे, अधिकाऱ्याला कर्तव्याची जाणीव हवी आणि वाटसरूला दोघांविषयी आस्था हवी.

शब्दार्थ : उपजीविका – पोट भरण्याचे साधन, नाशवंत – लवकर खराब होणारे, आस्था – आपुलकी.