शेताचें छायाचित्र कसें घ्यावें व कसें वाचावें

कचेरींत कारकुनी करीत असतां एके वर्षीं गारपिटीनंतर एक शेतकरी माझ्या मेजाशीं आला. त्यानें आडव्या झालेल्या ज्वारीचीं चार छायाचित्रें पुढें ठेविलीं. नुकसान डोळ्यांस दिसत होतें. परंतु तें कोणत्या गटांतील, कोणत्या दिवसाचें व किती क्षेत्रावरचें, हें एकाहि चित्रावरून सांगतां येईना. माणूस खरा, चित्रेंहि खरीं. पण नोंदीस घेण्याजोगें त्यांत कांहीं नव्हतें. तो रिकाम्या हातीं परतला, ही रुखरुख मला आजहि आहे.

महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतः पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करण्याची पद्धति सुरू झाली. तेव्हां ही विद्या आतां प्रत्येकास अवगत असली पाहिजे.

तिचा मोठा धडा अमेरिकेच्या इतिहासांत सांपडतो. तेथील सरकारनें १९३५ सालीं ग्रामीण पुनर्वसनाचें एक खातें काढलें; १९३७ मध्यें त्यास फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हें नांव मिळालें. त्याच्या छायाचित्र शाखेचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे पूर्वीं अर्थशास्त्राचे अध्यापक होते. कार्ल मायडन्स हे छायाचित्रकार कापसाच्या मुलखांत निघाले असतां त्यांस कापसाची माहिती नाहीं असें दिसून आलें. स्ट्रायकर यांनीं त्यांस थांबवून घेतलें आणि कापसाचें पीक, त्याचा व्यापार व त्यापायीं दक्षिणेची झालेली स्थिति हें सर्व समजावून दिल्यावरच जाऊं दिलें. आधीं शेती समजावी, मग यंत्र उचलावें, हा त्यांतील बोध.

त्याच शाखेचे आर्थर रॉथस्टीन यांनीं १९३६ सालीं दक्षिण डाकोटांत भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या बैलाच्या कवटीचें चित्र घेतलें. ती कवटी त्यांनीं सुमारें १० फूट हलविली होती, हें पुढें उघड झालें व वृत्तपत्रांनीं गिल्ला केला. तेथील खारवट जमीन एरवींहि तडकते, असाहि आक्षेप निघाला. दुष्काळ खरा होता. परंतु १० फुटांच्या फेरफारानें खऱ्या दुष्काळावरहि संशय आला.

आपल्या काळ्या जमिनीस हाच न्याय लागतो. तिच्यांतील चिकणमाती सुकली कीं आकसते; म्हणून उत्तम पावसाच्या वर्षींहि उन्हाळ्यांत तीस भेगा पडतातच. वैशाखांतील भेगा हा अवर्षणाचा पुरावा नव्हे. त्याच भेगा भर श्रावणांत, उभ्या कपाशीच्या ओळींत दिसल्या, तर मात्र तो मोठा पुरावा होय. चित्र एकच, अर्थ ठरतो तो तारखेवरून.

याकरितां पुढील नियम पाळावे :

(१) बांधावरील एक जागा कायम ठरवावी. विहीर, कडुलिंब किंवा विजेचा खांब चित्रांत आला पाहिजे. पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरवड्यास तेथूनच चित्र घ्यावें.

(२) प्रथम सबंध शेत, मग एक ओळ, मग एक झाड असा क्रम ठेवावा. झाडाशेजारीं खुणा केलेली काठी उभी करावी, म्हणजे उंची कळते.

(३) सकाळच्या तिरप्या उन्हांत सऱ्या, खळगे व विरळ उगवण स्पष्ट दिसते. भर दुपारीं तेंच शेत सपाट भासतें.

(४) गट क्रमांक, पीक, पेरणीची तारीख व शेवटचा पाऊस हें त्याच दिवशीं वहींत लिहावें.

(५) कोणतीहि वस्तु हलवूं नये. पडलेल्या पिकाबरोबर उभें राहिलेलें पीकहि दाखवावें.

चित्रांत सर्व कांहीं येत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. खुरपणाऱ्या बायांचे वांकलेले पाठकणे दिसतात. त्यांची मजुरी व घरचें देणें दिसत नाहीं. त्यांची संमति घेऊनच चित्र घ्यावें, आणि बाकीचें त्यांस विचारून लिहून ठेवावें.

पहिलें चित्र पेरणीच्या दिवशींच घ्यावें. नुकसानीच्या चित्रास त्यापूर्वींच्या चित्राचा आधार लागतो, आणि तो मागाहून निर्माण करतां येत नाहीं.