घरांतील ढेकणांचा बंदोबस्त

कपाशीवरील बोंडअळी, हरभऱ्यावरील घाटेअळी यांच्यासंबंधीं लिहावयाचें सोडून माजघरांतील ढेकणांस या मासिकाची जागा कां द्यावी, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आमच्याच घरीं असा एक प्रसंग घडला कीं, त्यावरून हा विषय शेतकऱ्याच्या कक्षेबाहेरचा नाहीं अशी आमची खात्री झाली. आठवडी बाजारांतून घेतलेल्या एका जुन्या बाजेबरोबर ढेकूण घरांत आले आणि दोन महिन्यांत मुलांस रात्रीची झोप मिळेनाशी झाली. तेव्हां ज्वारीच्या कणगींत घालण्यासाठीं म्हणून आणून ठेवलेल्या विषारी गोळ्यांची पुडी आमच्या पुतण्यानें बाहेर काढली. दोन गोळ्या बाजेखालीं ठेवून दार लावून घेतलें कीं सकाळपर्यंत काम होईल, असें त्याचें म्हणणें. पलीकडच्या खोलींत आमची वृद्ध आई निजत असे. वेळींच आमचें लक्ष गेलें, म्हणूनच हा लेख लिहिण्याइतके आम्ही स्वस्थ आहों.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या. हवेंतील ओलाव्याशीं संबंध येतांच त्यांतून फॉस्फिन नांवाचा वायु सुटूं लागतो. ३ ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें १ ग्रॅम. हा वायु दाराच्या फटींतून, छपराखालच्या मोकळ्या जागेंतून व भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलींत सहज उतरतो. त्याला लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण तेवढ्यानें निजलेला मनुष्य जागा होईलच असें नाहीं. पुढें उलट्या होतात, छाती दाटते, धाप लागते. आणि रात्रीचें अन्न बाधलें असें समजून घरचीं माणसें ओवा-साखर देत मोलाचा वेळ दवडतात. या विषावर उतारा नाहीं. ढेकणांसाठीं ठेवलेल्या अशा गोळ्यांनीं आपल्या देशांत लहान मुलें, क्वचित् सबंध कुटुंबें दगावलीं आहेत. असा संशय येतांच सर्वांस मोकळ्या हवेंत न्यावें, तडक रुग्णालय गांठावें व गोळीचें नांव डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. वस्तुतः या गोळ्या शासकीय संस्था व अधिकृत कीडनियंत्रक यांनींच तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं वापरावयाच्या आहेत. त्या आमच्या घरीं होत्या, ही मुळांतच आमची चूक. पुतण्यास काय म्हणून बोल लावावा? पिकावर फवारण्याचीं औषधेंही याच सदरांत येतात. ज्या गादीवर मूल आठ तास उघड्या अंगानें लोळतें, तिच्यावर शेतांतील पंप चालविणें हें धाडस आहे.

पंचतंत्रांत ऊ व ढेकूण यांची एक गोष्ट आहे. राजाच्या शय्येंत राहणाऱ्या मंदविसर्पिणी नांवाच्या उवेकडे अग्निमुख नांवाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो, उतावीळपणें राजास चावतो, आणि सेवक शोध घेऊं लागतात तोंवर पलंगाच्या फटींत दडून बसतो. सांपडते व मरते ती बिचारी ऊ. गोष्ट रचणारानें ढेकूण चांगला पाहिला होता यांत शंका नाहीं. हा प्राणी पांचदहा मिनिटें रक्त पितो आणि मग कित्येक दिवस फटींत पडून राहतो. म्हणजे अंथरुणावर चार ढेकूण दिसले तर आडोशाला त्यांच्या अनेक पट आहेत असें समजावें. जाड पुठ्ठ्याची कड जेथें शिरेल तेथें तोही शिरतो. मादी अंडीं घालते तीं फटींतच. तीं पांढुरकीं, खसखशीच्या दाण्याएवढीं व लांकडास चिकटविलेलीं असतात. आपल्याकडील उष्ण हवेंत आठदहा दिवसांत तीं फुटतात, आणि पिल्लूं पांच वेळां कात टाकून पांचसहा आठवड्यांत पूर्ण वाढतें. प्रत्येक कातीपूर्वीं त्यास रक्त लागतें. पण तें न मिळाल्यास मोठा ढेकूण महिना-दोन महिने सहज तग धरतो. सबब खोली पंधरा दिवस बंद ठेवून कांहींच साधत नाहीं. उलट भुकेलेले ढेकूण दुसऱ्या खोलीचा रस्ता धरतात.

ढेकणांमुळें रोग पसरतो काय, हा प्रश्न आम्हांस नेहमीं विचारला जातो. काळा आजार ढेकणांमार्फत पसरत असावा या समजुतीनें मद्रासेकडे डॉ. पॅटन यांनीं 1907 पासून पुष्कळ वर्षें शोध केला. परंतु 1942 सालीं तो दोष वालुमाशीवर सिद्ध झाला. ढेकूण कोणता रोग माणसांत पसरवितो असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. खाज, गांधी व झोपेचा नाश एवढें मात्र तो पुरेपूर देतो.

डीडीटी निघाल्यावर ढेकणांचें युग संपलें असें लोकांस वाटलें. त्या औषधाचा कीटकनाशक गुण 1939 सालीं उमगला, आणि अवघ्या आठ वर्षांत, 1947 सालीं, हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथें त्यास दाद न देणारे ढेकूण आढळले. आपल्याकडेही 1953 सालीं सुरूं झालेल्या हिंवतापनियंत्रणाच्या मोहिमेंत घरोघर डीडीटी फवारली गेली. आरंभीं ढेकूण मेले, मागाहून मरेनासे झाले, आणि लोक फवारणीसच नको म्हणूं लागले. आज दुकानांत मिळणाऱ्या पायरेथ्रॉइड वर्गांतील फवाऱ्यांचीही बहुतेक ठिकाणीं तीच गत झाली आहे.

उष्णतेशीं मात्र ढेकणांस जमवून घेतां आलेलें नाहीं. ४५ अंश सेल्सिअसवर मोठा ढेकूण दीड तासाच्या सुमारास मरतो, पण अंडीं नष्ट होण्यास सात तासही लागतात. ५० अंशांच्या वर सगळींच थोडक्या वेळांत मरतात. वैशाखांत बाज उन्हांत टाकण्याची आपली चाल अर्धीच उपयोगी पडते ती यामुळें. आम्हीही तेंच केलें. ढेकूण सावलीच्या अंगाला सरकले आणि संध्याकाळीं बाजेबरोबर घरांत परत आले. जाड गादीच्या आंत तर उन्हाची धग पोंचतच नाहीं. मग आम्ही बाजेवर उकळतें पाणी ओतलें व कार्यभाग झाला म्हणून निश्चिंत झालों. पंधरवड्यानें अंड्यांतून निघालेलीं पिल्लें चावूं लागलीं.

शेवटीं ज्या रीतीनें यश आलें ती अशी. बाजेचें सुंभ सोडून जाळून टाकलें. निमुळत्या तोंडाच्या किटलींतून, चुलीवरून उतरल्याबरोबर, प्रत्येक सांध्यांत व भोंकांत पाणी सोडलें. पाणी घमेल्यांत ओतून नेलें तर वाटेंतच निवतें. हें दर आठवड्यास एकदां, याप्रमाणें सहा आठवडे केलें. पांघरुणें व उशांचे अभ्रे त्याच दिवशीं उकळले. गादी उसवून कापूस पिंजून घेतला व खोळ उकळली. भिंतींतील भेगा, खिळ्यांचीं भोंकें व दाराच्या चौकटीभोंवतालच्या फटी चुन्यानें बुजविल्या. तसबिरींच्या मागें व पेटीच्या बिजागऱ्यांतही ढेकूण सांपडले. बाज भिंतीपासून हातभर दूर ओढून तिचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले. कोरडी वाटी पुरत नाहीं, कारण आपल्या उष्ण प्रदेशांतील ढेकूण गुळगुळीत कडेवरूनही चढतो. हा सर्व काळ आम्ही त्याच खोलींत निजत होतों, हें मुद्दाम सांगतों. घासलेट फटींत सोडण्याची जुनी चाल आहे, पण तें ज्याला लागेल तोच ढेकूण मरतो आणि आगीचें भय राहतें तें निराळेंच.

जातां जातां शेतकऱ्यास आवडेल अशी एक गोष्ट. युरोपांतील बाल्कन देशांत घेवड्याचीं पानें रात्रीं बिछान्याभोंवतीं पसरून सकाळीं तीं ढेकणांसकट जाळीत. या पानांवर सूक्ष्म आंकडेदार लव असते. तींत ढेकणाचे पाय अडकतात, असें 1943 सालीं नमूद झालें व 2013 सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं पुन्हां तपासण्यांत आलें. फटींतील अंड्यांस याचा उपद्रव नाहीं, हें उघडच आहे.

जुनी बाज, खुर्ची वा पेटी विकत आणल्यास ती प्रथम अंगणांतच ठेवून सांधे उकळत्या पाण्यानें धुवावे. वसतिगृहांतून सुटींत येणाऱ्या मुलांच्या वळकट्या ओसरीवरच सोडाव्या. चादरीवर काळे ठिपके किंवा फटींत वाळक्या काती दिसल्या तर त्याच आठवड्यास कामास लागावें. दोन महिने आम्ही दवडले, तेवढे कोणी दवडूं नयेत. त्या गोळ्या आम्ही अधिकृत कीडनियंत्रकाच्या स्वाधीन केल्या. बाज अजून आमच्याकडे आहे. तिच्या सांध्यांतील लांबी दर दिवाळीस नव्यानें भरतों.