दिल्लीतून दिसणारे ध्रुव आणि अगस्त्य

हिवाळ्यातील रात्री आकाशदर्शनास उत्तम, असे म्हटले जाते. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या भागात मात्र डिसेंबर-जानेवारीत धुके, धूर आणि दिव्यांचा झगमगाट यांमुळे अंधुक तारे दिसत नाहीत. ठळक तारे तेवढे उरतात. पण ओळख करून घ्यायला तेही पुरेसे आहेत.

फेब्रुवारीच्या मध्यास, धुके विरळ झाल्यावर, रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. उंचावर, किंचित पश्चिमेला मृग नक्षत्र दिसेल. त्याच्या पोटातील एका ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. ही रेषा डावीकडे खाली वाढवली की व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा. तेजात दुसरा असलेला अगस्त्य त्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजाजवळ असतो. महाराष्ट्रात तो सहज दिसतो. दिल्लीत बहुधा शेजारच्या इमारतीआड लपतो. विंध्य ओलांडून दक्षिणेस गेलेल्या ऋषींचेच नाव या ताऱ्याला मिळावे, हे किती समर्पक!

असे का होते? पृथ्वी गोल आहे. आपण जसजसे उत्तरेकडे जातो, तसतसा ध्रुवतारा वर चढतो आणि दक्षिणेचे तारे खाली उतरतात. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश, दिल्लीचे सुमारे २८.६ अंश. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंचीही जवळजवळ तितकीच असते. अगस्त्य मुंबईत जास्तीत जास्त सुमारे १८ अंश वर येतो, दिल्लीत जेमतेम ९ अंश.

सवाई जयसिंगांनी १७२४च्या सुमारास दिल्लीत उभारलेल्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र अवश्य पाहा. त्याच्या त्रिकोणी भिंतीचा उतार दिल्लीच्या अक्षांशाइतकाच ठेवलेला आहे. म्हणून तो थेट ध्रुवाकडे रोखलेला दिसतो.

ध्रुवावरून ठिकाण कळते, तर चंद्रावरून महिना. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीच्या रात्री, चंद्र मृगाच्या आसपास असतो, पौषात पुष्याजवळ. शुक्र, गुरू हे ग्रहही चंद्राच्या वाटेच्या आसपासच फिरतात आणि सहसा लुकलुकत नाहीत.

करून पाहा : सप्तर्षींमधील पुलहापासून क्रतूपर्यंतची रेषा पुढे पाचपट वाढवून ध्रुव शोधा. हात ताठ पुढे धरून मूठ वळली, तर ती सुमारे १० अंश व्यापते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मुठीवर मूठ ठेवत मोजा. महाराष्ट्रातील एखाद्या नातेवाइकालाही फोन करून असेच मोजायला सांगा आणि दोन्ही नोंदी वहीत शेजारी शेजारी लिहा.