अन्नाच्या जाणकारांचा मेळा

गावच्या जत्रेला चहूकडची माणसे येतात. देवदर्शन होते, आणि बी-बियाणे, बैल, पाऊसपाणी यांच्या चार गोष्टीही कळतात. अन्नाच्या जाणकारांचाही असाच एक मेळा भरतो. त्याची हकीकत आज आपण वाचू.

१९४३ साली बंगालात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे भुकेने मेली. पुढे देश स्वतंत्र झाला. तेव्हा धान्य थोडे आणि खाणारी तोंडे फार! त्यातही कीड, उंदीर आणि बुरशी आपला वाटा घेत. नुसते पिकवून भागेना. पिकलेले टिकवायलाही हवे होते. म्हणून १९५० साली म्हैसूरला सरकारची अन्न-संशोधन संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या बाळाला पचेल अशी दूधभुकटी करण्याची रीत या संस्थेने शोधली.

पण एकाचे ज्ञान त्याच्याच घरात राहिले तर काय उपयोग? म्हणून १९५७ साली म्हैसूरलाच या जाणकारांनी आपला संघ काढला. संघाची परिषद कधी या शहरी, तर कधी त्या शहरी भरते. कोणी तांदळाचे सांगतो, कोणी फळांचे, कोणी दुधाचे. एकाचे चुकले तर दुसरा दाखवतो. १९८८ साली म्हैसूरच्या मेळ्याला परदेशचे लोकही आले.

आता एक दुःखाची गोष्ट ऐका. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाचे लाखभर पाळीव पक्षी मेले. त्यांना शेंगदाण्याची पेंड घातली होती. तिच्यात बुरशीचे विष निघाले. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. जगातल्या जाणकारांना हे कळले.

पण १९७४ साली काय झाले? गुजरात आणि राजस्थानातल्या आदिवासी खेड्यांत मका अवकाळी पावसात भिजला. त्याला बुरशी आली. गरिबांनी तोच खाल्ला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले. शंभरावर माणसे दगावली. शहाण्यांना ठाऊक होते, पण ते खेड्यापर्यंत पोचलेच नव्हते!

म्हणून आम्ही म्हणतो, परिषद शहरात भरली तरी तिचे काम तुमच्या कणगीपाशी पुरे होते. शेंगा, मका कडक उन्हात वाळवा. बुरशीचे दाणे निवडून फेका. ते गुराढोरांना, कोंबड्यांनाही घालू नका. शिजवले म्हणून हे विष जात नाही.

तुम्हांला आता वाचता येते. शेजारच्या म्हातारीला येत नसेल. तिला हा धडा आजच वाचून दाखवा.