मिक्सरचं भांडं आता उतरवून ठेवा

बाळाच्या आईने पिशवीतून दुधाची बाटली काढून दवाखान्यात माझ्या टेबलावर ठेवली. आत दूध नव्हतं, पिवळसर दाट काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाली, "खिचडी आहे मॅडम. मिक्सरला तीनदा फिरवते, मग गाळते. बाटलीतून उतरावी म्हणून सुई तापवून निपलचं भोक मोठं केलंय." मूल चौदा महिन्यांचं. अंगाने भरलेलं, पण तळहात पांढुरके आणि खालची पापणी ओढून पाहिली तर आत लालीच नाही. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 7.4 आलं. दिवसाला जवळजवळ लिटरभर दूध, तीन बाटल्या गाळलेली खिचडी, अधूनमधून चहात बुडवलेलं बिस्कीट. तक्रार एवढीच, की भाताचं एक शीत जिभेवर आलं तरी ओकारी काढतो.

चाकणजवळ भाड्याच्या एका खोलीत हे कुटुंब राहतं. वडील कारखान्यात तिन्ही पाळ्या आलटून पालटून करतात, आजी लातूरकडे, सल्ला व्हिडिओ कॉलवर. या बाईने कष्टात काहीही कमी केलं नव्हतं. गाळणीतून खिचडी गाळायला किती वेळ लागतो ते करून पाहा. तिचे सगळे कष्ट चुकीच्या दिशेने गेले होते, आणि त्याचा दोष मी तिला देत नाही.

भोसरी, मोशी, कुरुळी, म्हाळुंगे, कुठूनही बाळ येवो, आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला आयांच्या तोंडी वाक्य एकच: "दात आल्याशिवाय घट्ट कसं देऊ? घशात अडकलं तर?" आज या एकाच वाक्याबद्दल लिहायचं आहे.

आधी दातांचं बघू. बाळाला पहिले येतात ते पुढचे दात. ते तुकडा तोडायला. चावायला लागतात दाढा, आणि पहिली दाढ येते साधारण 13 ते 19 महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे "दात आल्यावर देऊ" हा नियम खरोखर पाळायचा तर मूल दीड वर्षाचं होईपर्यंत मिक्सर चालू ठेवावा लागेल. कित्येक घरांत तो तसा चालूही असतो. मऊ अन्न चिरडायला हिरड्या पुरतात. दूध पिताना बाळाने हिरडीनेच चावा घेतला तर आईच्या डोळ्यांत पाणी येतं, मग त्या हिरडीखाली शिजलेला बटाटा टिकेल का? आणि ही परंपरा आहे असंही कुणी सांगू नये. मिक्सर आपल्या घरांत आला तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. त्याआधी भात-वरण हाताने कुस्करत, त्यात गुठळ्या राहत, आणि बाळं त्या खात.

चावणं ही शिकण्याची गोष्ट आहे, जसं चालणं. दूध ओढताना जीभ फक्त पुढे-मागे होते. तोंडात गुठळी आली की ती बाजूला सारायला, हिरडीखाली न्यायला जीभ शिकते. पातळ पेजेने हे शिक्षण होत नाही, कारण तिथे जिभेला कामच नसतं. शिकण्याचा सगळ्यात चांगला काळ सहा ते दहा महिन्यांचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात हजारो मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये आले. दहा महिने उलटून गेल्यावर ज्यांना पहिल्यांदा गुठळ्या असलेलं अन्न मिळालं, त्यांच्यात पंधराव्या महिन्यात खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या. त्याच मुलांना सातव्या वर्षी पुन्हा पाहिलं तेव्हाही फरक उरलेला होता. माझ्याकडे येणारी तीन वर्षांची "फक्त वरणाचं पाणीच पितो" अशी तक्रार असलेली मुलं याच रस्त्याने आलेली असतात.

आता भीतीबद्दल. ती खरी आहे, तिची चेष्टा मी करणार नाही. पण ओकारी येणं आणि घशात अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आया ज्याला "अडकलं" म्हणतात ती बहुतेक वेळा ओकारी असते. लहान बाळात ओकारीची जागा जिभेवर बरीच पुढे असते, वय वाढेल तशी ती मागे सरकते. निसर्गाने घशाच्या बऱ्याच अलीकडे बसवलेला हा पहारेकरी आहे. ओकारीत तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, जीभ बाहेर येते, खोकला येतो, आवाज असतो. आवाज आहे म्हणजे हवा जाते आहे. खरोखर अडकतं तेव्हा मूल गप्प होतं. रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतात.

त्या चौदा महिन्यांच्या मुलाच्या हातात मी उकडलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड दिली. त्याने ती आधी टेबलावर आपटली, मुठीत चेंदली, मुठीतून बाहेर आलेलं चाटलं. मग एक तुकडा तोंडात. दोन सेकंदांत चेहरा वाकडा, "अॅक्" असा आवाज, आणि आई झेप घेऊन त्याच्या तोंडात बोट घालायला निघाली. मी तिचा हात धरून ठेवला. मनातल्या मनात पाचापर्यंत मोजलं. तुकडा जिभेवरून पुढे आला, हनुवटीवर पडला. मुलाने तो पाहिला, उचलला आणि परत तोंडात घातला. आई रडायलाच लागली. कृपा करून ते बोट तोंडात घालू नका. पुढे येणारा घास बोटाने मागे ढकलला जातो.

न्यूझीलंडमध्ये 206 बाळांचा अभ्यास झाला, 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांत आईवडिलांना धोक्याचे पदार्थ नीट समजावून सांगून सहाव्या महिन्यापासून बाळांना स्वतःच्या हाताने खाऊ दिलं, बाकीच्या घरांत नेहमीच्या पद्धतीने भरवलं. घास अडकण्याचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच निघालं. धोका हाताने खाण्यात नसतो, पदार्थात असतो.

आणि नेमकी इथेच आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. खिचडी गाळून देणाऱ्या घरातच दीड वर्षाच्या मुलाच्या हातात शेंगदाणे, फुटाणे, चिक्कीचा तुकडा दिलेला मी पाहते. आपल्याकडे दुर्बीण घालून लहान मुलांच्या श्वासनलिकेतून ज्या वस्तू काढाव्या लागतात, त्यांत शेंगदाणा अगदी वरच्या क्रमांकावर आहे. अख्खा दाणा, फुटाणा, बदाम, काजू चार वर्षांपर्यंत नको. अख्खं द्राक्ष नको, उभे चार भाग करा. कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाची फोड, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, सीताफळ बियांसकट, गोळ्या, जेलीचे कप, चुरमुऱ्यांची मूठ, यांतलं काहीच नको. दाण्याचं बारीक कूट मात्र भाजीत, खिचडीत जरूर घाला. शेंगदाण्याची चव सहाव्या महिन्यानंतर लवकर दिली तर त्याची अॅलर्जी होण्याची शक्यता कमी होते, हे 2015 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. बाळाला आधीपासून तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असेल तर मात्र पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून.

मग द्यायचं काय? सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की पहिले काही दिवस गुरगुट्या भात चमच्याच्या पाठीने दाबून. चमचा तिरका केला तर ओघळू नये इतपत दाट. वरणाचं पाणी आणि भाताची पेज यांनी पोट भरतं, बाळ पोसत नाही. सात-आठ महिन्यांत काट्याने किंवा हाताने कुस्करलेलं, गुठळ्या ठेवलेलं. आठ-नऊ महिन्यांत बाळ अंगठा आणि तर्जनीत चुरमुरा उचलायला लागतं. हा निसर्गाचा निरोप आहे, आता हातात द्या. मऊ शिजवलेली लाल भोपळ्याची फोड, बटाटा, गाजर, इडलीचा तुकडा, मुगाचं धिरडं, केळं, पिकलेली पपई, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, शेवग्याच्या शेंगेतला गर. परीक्षा सोपी आहे. तुमच्या अंगठा आणि बोटामध्ये दाबून चेंदा होतो ना? मग बाळाच्या हिरडीला जमेल. वर्षाचं झालं की घरात जे शिजतं तेच. भाकरी वरणात कुस्करा, भाजी तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढा. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नको, मध तर मुळीच नको. चाटवायलासुद्धा नको.

चाकणला कांद्या-बटाट्याचा एवढा मोठा बाजार भरतो, गल्लीच्या टोकाला भाजीची गाडी उभी असते, आणि तरी बाळासाठी डब्यातली पावडर आणली जाते. डब्यामागचा मजकूर वाचा, कितीतरी डब्यांत साखर सापडेल. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायला शिधा मिळतो. नाव नोंदवा, त्यात लाज कसली?

रात्रपाळी करून आलेला माणूस त्याच खोलीत दिवसा झोपतो, बाळाने रडू नये म्हणून हातात मोबाइल येतो आणि व्हिडिओ चालू असताना तोंड उघडं राहतं तेवढ्यात चमचे रिकामे होतात. हे मला माहीत आहे, आणि ज्या बाईच्या मदतीला घरात दुसरं माणूस नाही तिला मोबाइलवरून रागावणं मला जमत नाही. पण एक घास तरी, दिवसातला एकच, मोबाइलशिवाय होऊ द्या. नवरा पाळीवर गेला की जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा, बाळाला मांडी घालून किंवा टेकवून सरळ बसवा, तुम्ही समोर ताट घेऊन बसा. सांडू द्या, माखू द्या. आडवं पडून किंवा रांगताना खायला देऊ नका, आणि खाताना एकटं सोडू नका.

राग मला दुसऱ्यांचा येतो. "बाळ खात नाही" म्हटल्यावर चिठ्ठीशिवाय भुकेची बाटली काढून देणाऱ्या औषधविक्रेत्याचा येतो. त्या बाटल्यांत बहुधा सायप्रोहेप्टाडीन असतं. ते दोन वर्षांखालच्या बाळांसाठी नाही, आणि त्याने मूल गुंगतं. पडजीभ पडली म्हणून घशात बोट घालून ती "उचलणाऱ्या" बायांचा येतो. त्यानंतर घसा सुजलेली, रक्त थुंकणारी बाळं माझ्याकडे येतात. आणि मोबाइलवर पंधरा सेकंदांत "वजन वाढवणारी पावडर" शिकवणाऱ्यांचाही येतो. बदाम-काजू दुधात उकळून वजन वाढेल, पण रक्त वाढणार नाही. उलट दूध जास्त झालं की भूक मरते आणि लोह शोषलं जात नाही. वर्षानंतर दिवसाला दोन पेले दूध पुरे, बाटली बंद. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळजवळ 69 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. सरकारी आरोग्य केंद्रात याच वयाच्या मुलांसाठी लोहाचं औषध मोफत आहे, आठवड्यातून दोनदा एक मिली. ते घ्या, भुकेची बाटली नको.

आता घास खरंच अडकला तर. तळेगाव चौकात संध्याकाळी वाहनं कशी तुंबतात ते तुम्ही रोज पाहता. दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ मिळेल या भरवशावर राहू नका. मूल खोकत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापा नकोत, पाणी नको, केळं नको. आवाज बंद झाला तर एकाने 108 लावायचा आणि दुसऱ्याने लगेच हात चालवायचे. वर्षाखालचं बाळ हाताच्या लांबीवर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा धरलेला. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस रट्टे. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा रट्टे, पुन्हा दाब. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाच रट्टे, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच हिसके. वस्तू डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढा. मूल निपचित पडलं तर छातीवर दाब देणं सुरू करा, मदत येईपर्यंत थांबू नका.

आणखी एक. खाता-खाता एकदम ठसका लागला, मग मूल शांत झालं, आणि त्या दिवसापासून खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येतोय, तर ते सर्दीचं म्हणून खोकल्याचं औषध पाजत बसू नका. दाणा आत बसलेला असू शकतो. एकाच बाजूचा न्यूमोनिया पुन्हापुन्हा होत असेल तरीही हेच डोक्यात आणा आणि डॉक्टरांना तो ठसक्याचा प्रसंग आठवणीने सांगा.

धीर धरायला सांगते तशी काही ठिकाणी घाई करायलाही सांगते. दूध किंवा पाणी पितानाही दर वेळी ठसका लागतो, नाकातून बाहेर येतं, खाल्ल्यावर आवाज घोगरा-ओला होतो. खाताना धाप लागते, घाम फुटतो. आठ-नऊ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. बारा महिन्यांनंतरही एकही गुठळी स्वीकारत नाही. दोन महिन्यांत वजन हललेलं नाही. माती, चुना, भिंतीचे पोपडे खातं. नवीन पदार्थानंतर दोन तासांच्या आत अंगावर गांधी, ओठ सुजलेले, उलट्या. यातलं काहीही असेल तर महिन्याच्या तपासणीची वाट पाहू नका. आणि श्वास लागला असेल तर तिथूनच निघा.

त्या मुलाला लोहाचं औषध चालू केलं, बाटली केराच्या टोपलीत टाकायला लावली, दूध दोन पेल्यांवर आणलं. पहिले पाच दिवस त्याने काही खाल्लं नाही म्हणून आईचे सात फोन आले. सहाव्या दिवशी त्याने वडिलांच्या ताटातली भाकरी ओढली. गुठळीला अजून तोंड वाकडं करतो, पण थुंकत नाही. तिला मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: पुढच्या तपासणीला येताना फाइलसोबत बाळाचं त्या दिवसाचं जेवण डब्यात घेऊन या. मला चमचा तिरका करून बघायचा आहे.