गोष्टीच्या तासाला खर्च किती?

तीन-चार वर्षांच्या मुलाला राग येतो, हेवा वाटतो, भीती वाटते, पण त्यासाठी शब्द नसतात. मग ते हातातली वस्तू फेकतं, नाहीतर भोकाड पसरतं. रुसणं, हिरमुसणं, खट्टू होणं, भेदरणं, कावरंबावरं होणं हे शब्द त्याला गोष्टीतून सहज मिळतात, आणि वाचनालयातला गोष्टींचा तास त्यासाठी सर्वांत स्वस्त जागा आहे. भावना ओळखण्याची महागडी कार्डं आणि संच घेण्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, जिल्हा शासकीय ग्रंथालय आहे. घराजवळचं कोणतंही वाचनालय चालेल. जाताना चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: प्रवेश फी, अनामत, मासिक वर्गणी आणि उशिराचा दंड. अनामत परत मिळते, म्हणून ती खर्चात धरू नका, पण पावती जपून ठेवा. बालविभागाची वर्गणी वेगळी आहे का, आणि नुसतं बसून ऐकायला सभासद व्हावं लागतं का, हेही विचारा. गोष्टींचा तास होत नसेल, तर पाच-सहा पालकांनी मिळून ग्रंथपालांकडे आठवड्यातून एक तास मागावा. वाचणारा पालक आपल्यातलाच असला, तर मानधनाचा प्रश्नच येत नाही.

पुस्तकं कोणती? माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ मालिका आधी बालविभागात शोधा. लहान मुलाचं रोजचं जगणं त्यात आहे. २०१५ साली प्रथम बुक्सने सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चित्रगोष्टी फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. मात्र रंगीत छापून घेण्याआधी हिशेब करा. पानाला १० रुपये धरले, तरी १६ पानांचे १६० होतात. तेवढ्यात छापील पुस्तक मिळू शकतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून पेन्सिली आणि मेणखडूंवरचाही जीएसटी शून्य झाला आहे. बिलात तो लावलेला दिसला, तर दुकानदाराला विचारा.

आपल्या शहरासाठी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अशोक चौक, विडी घरकुल भागांत कित्येक घरांत तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू. मूल घाबरतं ते आईच्या भाषेत. स्टोरीवीव्हरवर या भाषांतल्याही गोष्टी आहेत. मराठीत वाचताना ‘राग’ म्हटलं, की ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ एवढं विचारा. कुणी ‘कोपम्’ म्हणेल, कुणी ‘सिट्टू’, कुणी ‘ग़ुस्सा’. एरवी गप्प बसणारं मूलही इथे बोलतं, आणि याला एक पैसाही लागत नाही.

वाचणाऱ्याने तात्पर्य सांगू नये. मध्येच थांबून चित्रातल्या चेहऱ्याकडे बोट करावं: ‘हिला आता कसं वाटत असेल?’ उत्तर चुकलं म्हणू नये. कुणी ‘मला पण असंच झालं होतं’ म्हणालं, तर पान उलटायची घाई नको. त्या दिवशी गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं आणि दहा-बारा मुलं पुरे.

मे महिन्यात मात्र वेळ सकाळी नऊच्या आत मागून घ्या. अकरानंतर सोलापूरच्या उन्हात एवढ्याशा मुलांना घेऊन निघायचं म्हणजे रिक्षाचं भाडं खर्चात धरावं लागतं.